मुक्काम एक, नद्या दोन: फ्रान्सच्या दोर्दोन्य खोऱ्यात आठवडा कसा घालवावा

फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दोच्या पूर्वेला दोर्दोन्य नावाचा जिल्हा आहे. जुनं नाव पेरिगॉर, आणि स्थानिक माणसं आजही तेच वापरतात. त्याच्या आग्नेय कोपऱ्याला, जिथे ओकची दाट, काळपट जंगलं आहेत, ‘पेरिगॉर नुआर’ म्हणजे काळा पेरिगॉर म्हणतात. हा लेख त्या कोपऱ्याबद्दल आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची गावं, नदीच्या कड्यांवर समोरासमोर उभे असलेले किल्ले आणि माणसाने वीस-एक हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या गुहा, हे सगळं इथे तासाभराच्या अंतरात आहे.

आपल्याकडची बरीच मंडळी या भागाला पॅरिस आणि स्पेनच्या मधले दोन दिवस देतात, पाच किल्ले आणि तीन गावं धावतपळत बघतात आणि ‘सगळं सारखंच दिसतं’ म्हणत परततात. माझं सांगणं उलटं आहे. मुक्काम एकच ठेवा, निदान सहा रात्री. ठिकाणांची यादी बाजूला ठेवून दोन गोष्टींवर दिवस आखा: कोणत्या गावात कोणत्या वारी बाजार भरतो, आणि गुहेचं तिकीट कोणत्या दिवसाचं मिळालं. बाकीचं त्याभोवती आपोआप बसतं.

आधी नकाशा डोक्यात बसवा

दोन नद्या लक्षात ठेवल्या की पुरे. दोर्दोन्य पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या काठी किल्ले आहेत. वेझेर ईशान्येकडून येते. तिच्या काठी गुहा आहेत. लिमय नावाच्या टेकडीवरच्या गावाखाली दोघींचा संगम होतो, आणि तिथे दोन नद्यांवरचे दोन पूल एकमेकांना काटकोनात येऊन भिडतात. या दोन खोऱ्यांच्या मधोमध सार्ला हे मुख्य गाव. सार्लाहून बेनाकचा किल्ला सुमारे दहा किलोमीटर, गुहांचं गाव लेझेझी वीस, लास्कोची गुहा असलेलं मोंतिन्याक पंचवीस. म्हणून मुक्काम सार्लात किंवा त्याच्या आसपासच्या खेड्यात करा.

गावांच्या नावांमागे एक गंमत आहे, ती कळली की पाट्या वाचायला मजा येते. बेनाक, मोंतिन्याक, बेर्जराक, मार्केसाक: हा शेवटचा ‘आक’ रोमन काळातला आहे. अमक्याची जमीन, अमक्याची वाडी, असा त्याचा अर्थ. आपल्या ‘वाडी’सारखाच तो नावांमागे चिकटत गेला.

कधी जावं

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळचे चार तास फुकट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा युरोप इथे सुट्टीला येतो. अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि भाड्याची घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानेच मिळतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गावं सुंदर दिसतात, पण बऱ्याच गुहा, बागा, हॉटेलं बंद असतात.

व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, हे धरून चाला.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून वेगवान गाडीने बोर्दो दोन तासांच्या थोडं पुढे. तिथून बेर्जराकवरून जाणारी छोटी प्रादेशिक गाडी अडीच-पावणेतीन तासांत सार्लाला पोहोचते. द्राक्षमळे आणि नदीच्या काठाने जाणारा हा मार्ग सुरेख आहे, पण दिवसाला गाड्या मोजक्याच, त्यामुळे जोडगाडीची वेळ आधी बघून मगच पॅरिसचं तिकीट काढा. सार्लाचं स्थानक गावाबाहेर दक्षिणेला आहे. जड बॅगा घेऊन चढ चढण्यापेक्षा टॅक्सी सांगून ठेवलेली बरी.

गाडीशिवाय हा प्रदेश बघता येतो का? थोडाफार. पेरिग्यू या जिल्ह्याच्या मुख्य शहराहून लेझेझीला रेल्वे आहे, सार्लात पायी फिरता येतं, सायकलही भाड्याने मिळते. पण खेडी खरी बघायची तर बोर्दोहून गाडी भाड्याने घ्याच. आपल्या परवान्यासोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी मागताना ‘ऑटोमॅटिक’ हवी असेल तर आधीच ठरवा. फ्रान्समध्ये साधी गिअरची गाडीच जास्त मिळते, आणि डाव्या हाताने गिअर टाकायची सवय सोडायला दोन दिवस जातात.

रस्त्यावरच्या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली: खेड्यात कुठलीही पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही बारक्या गल्लीतून का येईना. रस्त्याकडेला पांढऱ्या किनारीची पिवळी चौकट उभी दिसली की मान तुमचा. तीच चौकट काळ्या रेघेने खोडलेली दिसली की तो मान संपला. दुसरी: गोल चौकात आतला वाहनचालक आधी, म्हणजे शिरताना डावीकडे बघायचं. तिसरी सगळ्यात महागात पडणारी आहे. पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं दिसतं ते डिझेल. नावावरून पेट्रोल वाटतं आणि घात होतो. पेट्रोलवर ‘सां प्लों’ असं लिहिलेलं असतं. गाडी ताब्यात घेतानाच टाकीच्या झाकणामागचं लेबल मोबाइलवर टिपून ठेवा. रविवारी पंपावर माणूस नसतो, पिन असलेलं कार्डच चालतं.

आठवडा बाजारावर आखा

इथला आठवडा बाजाराने चालतो. सार्लाचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी. मंगळवारी ल ब्यूग. गुरुवारी दॉम आणि मोंपाझिए. रविवारी सकाळी सें-सिप्रियां, आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर इसिझाक. सोमवार मरगळलेला असतो, बरीच दुकानं बंद; तो दिवस गुहेसाठी किंवा नदीसाठी ठेवा, पण त्या गुहेची सुट्टी कोणत्या वारी हेही बघून घ्या.

बाजारात साडेआठला पोहोचा. अकराला पार्किंग मिळत नाही, साडेबाराला विक्रेते आवराआवर करतात. आणि हो, दुपारी बारा ते दोन हा या देशात जेवणाचा वेळ आहे, त्यात बदल होत नाही. खेड्यातली दुकानं, टपाल कार्यालय, कधी कधी पर्यटन कार्यालयसुद्धा बंद होतं. अडीचला हॉटेलात जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद झाल्याचं नम्रपणे सांगतील. आम्ही पहिल्या दिवशी असेच हुकलो आणि ब्रेड-चीजवर भागवलं. दुसऱ्या दिवसापासून साडेबाराला टेबलावर बसायला शिकलो.

दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं. हे म्हटल्याशिवाय थेट भाव विचारला तर समोरचा माणूस आखडतो; म्हटलं की तुमच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचवरही तो वेळ खर्च करतो. इतका फरक एका शब्दाने पडतो.

उन्हाळ्यात संध्याकाळचे बाजारही भरतात. ऑद्री या टेकडीवरच्या छोट्या गावात शनिवारी, बेल्व्हेसला बुधवारी. चौकात लांब टेबलं मांडलेली असतात. एका गाडीवरून बटाटे, दुसरीवरून चीज, तिसरीवरून स्ट्रॉबेरी घ्यायच्या आणि अनोळखी माणसांशेजारी बसून जेवायचं. स्वतःच्या ताटल्या, काटे-चमचे घरून न्यायची पद्धत आहे.

सार्ला: सकाळी बाजार, रात्री गाव

सार्ला बघायच्या दोन वेळा. एक बाजाराच्या सकाळी, दुसरी रात्री दहानंतर, पर्यटकांच्या बस गेल्यावर.

गाव इतकं अखंड कसं राहिलं, त्यामागे एक कायदा आहे. 1962 साली संस्कृतीमंत्री आंद्रे मालरो यांनी जुनी वस्ती पाडण्याऐवजी पूर्ण वस्तीच जपायचा कायदा आणला. त्याआधी एकेक इमारत वाचवायचे. आता अख्ख्या गल्ल्या, घरं, छपरं एकत्र धरली गेली. त्या कायद्याखाली डागडुजी झालेल्या पहिल्या गावांत सार्ला होतं. त्यामुळे इथे एखादं स्मारक शोधत बसू नका, मान वर करून छपरं बघा. ती ‘लोझ’ नावाच्या चुनखडीच्या चपट्या दगडांची आहेत. चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास वजन भरतं, म्हणून छप्पर इतकं उभट आणि खालचं लाकूडकाम इतकं भक्कम.

चर्चच्या मागच्या बागेत बाराव्या शतकातला एक निमुळता दगडी बुरूज आहे, त्याला ‘मृतांचा दिवा’ म्हणतात. चर्चसमोरच एत्येन द ला बोएसी या विचारवंताचं घर आहे. तो 1530 मध्ये सार्लात जन्मला. घराच्या खिडक्यांवरची कोरीव नक्षी संध्याकाळच्या तिरक्या उन्हात छान उठून दिसते. आणि सेंत-मारी हे जुनं चर्च आज बंदिस्त मंडई आहे. त्याचे प्रचंड धातूचे दरवाजे झाँ नुव्हेल या वास्तुविशारदाने केले आहेत. ते लहानपणी याच गावात वाढले. मुख्य रस्ता एकोणिसाव्या शतकात जुन्या गावाच्या मधून सरळ कापून काढला. त्याच्या पश्चिमेच्या चढत्या गल्ल्यांत फारसं कोणी फिरकत नाही. तिथे जरूर जा.

दोर्दोन्यचे किल्ले: हे समोरासमोर का?

हे समजून घेतल्याशिवाय किल्ले बघण्यात अर्थ नाही. 1152 मध्ये आकितेनची एलेनोर हिने हेन्री प्लांताजेनेशी लग्न केलं, आणि दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला. तिच्या माहेरच्या वारशाने नैऋत्य फ्रान्स इंग्लंडच्या राजाकडे गेला. पुढची तीनशे वर्षं, शंभर वर्षांच्या युद्धाचा शेवट 1453 मध्ये होईपर्यंत, ही नदी दोन सत्तांच्या सीमेवर राहिली. उत्तर काठावरचं बेनाक फ्रान्सच्या बाजूचं. दक्षिणेचं कास्तेलनो बहुतेक काळ इंग्लंडच्या बाजूचं. एकाच्या तटावर उभं राहिलं की दुसऱ्यावरची हालचाल दिसते.

दोन्ही बघा, पण वेगवेगळ्या दिवशी. बेनाकला नदीकाठून दगडी पायवाटेने चढत जा. दम लागतो, पण खालून वर येणाऱ्या हल्लेखोराला काय दिसत असेल ते त्याशिवाय कळत नाही. गुडघे दुखत असतील तर वरपर्यंत गाडी जाते. किल्ल्याच्या आत सामानसुमान फार नाही, आणि तेच बरं आहे. ओक्याबोक्या दगडी दालनांत त्या काळची थंडी जाणवते. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे. दगड फेकणारी अजस्र लाकडी यंत्रं तिथे खऱ्या मापात उभी केली आहेत. मुलं सोबत असतील तर आधी हेच.

जवळच मिलांद हा छोटा, नाजूक किल्ला-वाडा आहे. जोसेफिन बेकर या अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कलावतीने तो 1947 मध्ये विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी काम केलं होतं. जगाच्या वेगवेगळ्या भागांतली बारा मुलं तिने दत्तक घेऊन इथे वाढवली. पुढे कर्जापायी घर गेलं, 1969 मध्ये तिला इथून निघावं लागलं. 2021 मध्ये फ्रान्सने पॅरिसच्या पांतेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, तिला मानाचं स्थान दिलं. तिचे पोशाख आणि पदकं एकाच वाड्यात बघताना मन भरून येतं.

ला रॉक-गाजाक हे गाव कड्याला पाठ लावून नदीकडे तोंड करून बसलंय. दक्षिणमुखी कड्यामुळे इतकी ऊब साठते की भिंतींशी केळी आणि ताड वाढतात. इथून ‘गाबार’ नावाच्या सपाट होड्यांतून फेरी मारता येते. पूर्वी याच होड्या लाकूड आणि दारूची पिंपं खाली बेर्जराककडे नेत. पण मला विचाराल तर सेनाकहून छोटी कनू भाड्याने घ्या आणि बेनाकपर्यंत या, सुमारे नऊ-दहा किलोमीटर. प्रवाह संथ आहे, पोहता येणाऱ्या कोणालाही जमतं, आणि परत नेण्याची सोय होडीवालेच करतात. सकाळी नऊला निघालात तर नदी जवळजवळ तुमचीच. दॉमचा कडा, ला रॉक-गाजाक, कास्तेलनो, बेनाक हे सगळं पाण्यातून एकामागून एक उलगडत जातं. या भागाची बांधणी जशी झाली तशीच ती दिसते, कारण त्या काळी माणसं आणि माल इथे पाण्यानेच येत.

दॉम आणि मोंपाझिए: वसवलेली गावं

तेराव्या शतकात दोन्ही राजांनी इथे ठरवून गावं वसवली. त्यांना ‘बास्तीद’ म्हणतात. जमीन द्यायची, करात सवलत द्यायची, बाजाराचा हक्क द्यायचा आणि माणसं आणायची. आपल्याकडे कौल देऊन पेठ वसवत, तसंच.

दॉम 1281 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने वसवलं. गाव नदीपासून दीडशे मीटर उंच कड्यावर आहे, आणि तीन बाजूंनीच तटबंदी आहे, कारण चौथ्या बाजूला कडाच. त्या कड्याच्या भरवशावरच गाव पडलं. 1588 मध्ये, धर्मयुद्धांच्या काळात, जोफ्रोआ द व्हिव्हां हा प्रोटेस्टंट सरदार तीसेक माणसं घेऊन रात्री याच बाजूने कडा चढला, झोपलेल्या गावात गोंधळ उडवला आणि आपल्या सैन्यासाठी दरवाजे उघडले. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला बार नावाच्या सज्ज्यावर उभं राहून खाली बघताना वेगळं काही सांगावं लागत नाही. पूर्वेच्या ‘पोर्त दे तूर’ दरवाजाच्या बुरुजांत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाचे कैदी होते. त्यांनी भिंतींवर कोरलेले क्रूस आणि आकृत्या आजही आहेत. आत जायला वाटाड्यासोबतची फेरी लागते, वेळ पर्यटन कार्यालयात विचारा.

मोंपाझिए 1284 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वसवलं. कागदावर पट्टीने आखावं तसं सरळ रस्त्यांचं गाव. मधल्या चौकाला चारही बाजूंनी कमानीदार ओसरी, एका बाजूला लाकडी छपराची मंडई, आणि मंडईत धान्य मोजायची जुनी मापं अजून जागेवर. घरांच्या मधल्या फटी मुद्दाम बघा. आग पसरू नये म्हणून दोन घरांत ही हातभरही रुंद नसलेली जागा सोडलेली आहे. सार्लाहून इथे यायला पाऊण-एक तास लागतो. गुरुवारच्या बाजाराला जोडून या.

वेझेरच्या गुहा: तिकीट आधी, बाकी नंतर

या भागातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. 1979 पासून वेझेर खोऱ्यातल्या प्रागैतिहासिक जागा जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

लास्को 12 सप्टेंबर 1940 रोजी चार मुलांना सापडली. 1948 पासून लोक आत जाऊ लागले, दिवसाला हजाराच्या वर, आणि त्यांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइड व ओलाव्याने भिंतींवर शेवाळ धरलं. 1963 मध्ये मालरो यांनी गुहा बंद केली. अजिंठ्यात दालनात एका वेळी मोजक्यांनाच सोडतात, ते ज्या कारणाने, तेच हे. 1983 मध्ये दोनशे मीटरवर पहिली प्रतिकृती झाली. 2016 च्या डिसेंबरमध्ये टेकडीच्या पायथ्याशी ‘लास्को 4’ हे पूर्ण गुहेची प्रतिकृती असलेलं केंद्र उघडलं. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका, काम अत्यंत बारकाईने केलंय. इंग्रजी फेऱ्या कमी असतात, म्हणून तिकीट घरूनच काढा.

मात्र एक तरी खरी गुहा बघितल्याशिवाय येऊ नका. लेझेझीजवळची फों-द-गोम 1901 मध्ये उजेडात आली. अनेक रंगांत रंगवलेले गवे असलेल्या गुहांपैकी लोकांसाठी अजून उघड्या अशा फारच थोड्या. ही त्यांतली एक. दिवसाला मोजकेच लोक सोडतात, छोट्या गटाने, आत फोटो नाही, आणि वाटेत एक जागा इतकी अरुंद की अंग तिरकं करून जावं लागतं. वाटाड्या दिवा हळूहळू फिरवतो आणि खडकाचा फुगवटा गव्याची पाठ होतो. चित्रकाराने भिंत आधी वाचली आणि मग रंगवली, हे त्या क्षणी कळतं. छापील चित्रात हे कधीच दिसणार नाही. प्रवासाच्या तारखा ठरवताना पहिलं तिकीट याचं बघा. ते मिळालं त्या दिवसाभोवती बाकीचा आठवडा लावा.

ते नाहीच मिळालं, किंवा सोबत वयस्कर माणसं असतील, तर रूफिन्याक. तिथे विजेवर चालणारी छोटी गाडी आत नेते. भिंती-छतावर दीडशेच्या वर मॅमथ आहेत, आणि जमिनीत गुहेतल्या अस्वलांनी झोपण्यासाठी केलेले खड्डे, भिंतींवर त्यांच्या नखांचे ओरखडे. कुठल्याही गुहेत जाताना स्वेटर न्या. आत बाराही महिने तेरा अंशांच्या आसपास तापमान असतं.

लेझेझीचं राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय गुहेच्या आधी बघा, नंतर नाही. शेजारीच क्रो-मान्योंची कपार आहे. 1868 मध्ये तिथे सापडलेल्या सांगाड्यांवरून क्रो-मान्यों मानवाला, म्हणजे युरोपातल्या सुरुवातीच्या आधुनिक माणसाला, हे नाव मिळालं.

शाकाहारी माणसाने काय खावं

हा बदकाचा आणि हंसाचा प्रदेश आहे, आणि चरबी तूप-तेलासारखी वापरतात. ‘सार्लादेझ बटाटे’ दिसायला निव्वळ बटाटे-लसूण, पण तळतात बदकाच्या चरबीत. साधे तळलेले बटाटेही कधी कधी तसेच असतात. ‘तूरें’ या लसणाच्या सूपचंही तेच. पेरिगॉरच्या सॅलडमध्ये बदकाचे काळीज-कोठे येतात. फ्वा ग्रा तर बदक-हंसांना नळीने जबरदस्तीने भरवून केलेलं यकृत असतं. खावं की नाही, हे माहीत असूनच ठरवावं. ‘सां व्हिआंद, सां प्वासों, सां ग्रेस द कानार’ (मांस नको, मासा नको, बदकाची चरबी नको) हे तीन शब्दगट कागदावर लिहून न्या.

त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर, म्हणजे ‘जीत’ भाड्याने घेणं. बाजारातून काबेकू हे छोटं चकतीसारखं बकरीचं चीज, अक्रोड, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, शरद ऋतूत रानातले सेप मशरूम आणायचे. डाळ, मसाले, छोटा कुकर घरून. हॉटेलात सेपचं ऑम्लेट आणि गरम बकरीचं चीज घातलेलं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट देतात.

परतताना एक वस्तू घ्याच: अक्रोडाचं तेल, शक्यतो जुन्या दगडी घाण्याच्या गिरणीतून. ते विमानात चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, कारण ते लवकर खवट होतं. आणि फोडणीला अजिबात वापरू नका, तापवलं की वास जातो. उकडलेल्या बटाट्यावर किंवा काकडीच्या कोशिंबिरीवर वरून चमचाभर घाला.